आय-१४० मंजूर झाला की कंपनीपासून सुटका?

गारवा: ग्रीनकार्डच्या दुसऱ्या धाग्यावर कुणीतरी छातीठोकपणे लिहिलंय, "आय-१४० मंजूर झाला की खुशाल नोकरी बदला, तारीख आपलीच राहते, बाकी भीती वकिलांनी घातलेली." हे वाचून उद्या कुणी राजीनामा टाकेल, म्हणून लिहितोय. आय-१४० म्हणजे आपल्या ग्रीनकार्डसाठी कंपनीने अमेरिकी सरकारकडे केलेला अर्ज. ग्रीनकार्डच्या रांगेतली आपली जागा ठरवणारी तारीख राहते, खरंय. पण मंजुरीपासून १८० दिवसांच्या आत जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला, तर तो रद्द होतो आणि त्याच्या आधारावर एच-१बी या कामाच्या व्हिसाची सहा वर्षांपुढची तीन वर्षांची मुदतवाढ मिळत नाही. शिवाय नव्या कंपनीत सगळं पहिल्यापासून: प्रचलित वेतनाचा (त्या कामाला त्या भागात मिळणाऱ्या पगाराचा) निर्णय, जाहिराती, पर्म (त्या जागेसाठी लायक अमेरिकन उमेदवार मिळाला नाही, असं कामगार खात्याचं प्रमाणपत्र), नवा आय-१४०.

कातळशिल्प: मग १८० दिवस थांबा आणि बदला! २०१७च्या नियमानुसार त्यानंतर कंपनीने मागे घेतला तरी मंजुरी टिकते. लोकांना घाबरवून त्याच खुर्चीत का बसवताय? आणि पर्म म्हणजे तरी काय, दोन रविवारी कुणी वाचत नाही अशी जाहिरात छापायची, झालं.

गारवा: झालं कसं? राज्याच्या रोजगार खात्याकडे ३० दिवस जॉब ऑर्डर, म्हणजे जागेची नोंद, ऑफिसात सलग १० कामाचे दिवस नोटीस, वर नियमातल्या यादीतले जाहिरातीचे आणखी तीन मार्ग. किमान पात्रतेचा एक जरी अमेरिकन उमेदवार तयार असला, तर अर्ज तिथेच थांबतो.

कातळशिल्प: मग फेसबुकने २०२१मध्ये १.४२५ कोटी डॉलरपर्यंत आणि ॲपलने २०२३मध्ये २.५ कोटी डॉलरपर्यंत द्यायचं न्याय खात्याशी तडजोडीत का कबूल केलं? पर्मच्या जागा स्वतःच्या नोकऱ्यांच्या पानावर नाहीत, अर्ज टपालाने पाठवा. हा अर्जदार टाळण्याचाच प्रकार आहे.

गारवा: रविवारची जाहिरात कामगार खात्याच्या नियमातच आहे, ती कंपनीने शोधून काढलेली नाही. न्याय खात्याचा आक्षेप वेगळा होता: इतर जागांना ऑनलाइन अर्ज, याच जागांना पोस्ट. दोन गोष्टींची खिचडी करू नका.

दुपारझोप: तुम्ही जाहिरातीवर भांडा, पण लोकांच्या पगारातून पैसे कापले जाताहेत त्याचं काय? पर्मचे वकील आणि जाहिराती यांचा खर्च २००७पासून कंपनीनेच करायचा. "दोन वर्षांत सोडलं तर परत करा" अशी सही घेतली, तरी त्या खर्चापुरती ती वसुली बेकायदा आहे.

कातळशिल्प: आय-१४०चा खर्च मात्र कर्मचाऱ्याकडून घेता येतो, तेही सांगा.

दुपारझोप: सांगतो. पण बिलात दोन्ही एकत्र दाखवतात, म्हणून वेगवेगळा हिशोब मागायचा.

गारवा: १८० दिवसांचं तुमचं बरोबर, कातळशिल्प. मूळ पोस्टमध्ये तो आकडाच नव्हता, राग त्याचा आहे. अजून एक: नव्या कंपनीत मिळवलेला अनुभव तिच्याच पर्ममध्ये सहसा धरत नाहीत. म्हणून निघण्याआधी जुन्या कंपनीकडून लेटरहेडवर कामाचं स्वरूप, तारखा आणि पूर्णवेळ असल्याचा उल्लेख असलेलं पत्र घ्या. मॅनेजर गेला की ते पत्र मिळणं अवघड होतं.