राखीगढीच्या एका सांगाड्यावरून 'बाहेरून कोणी आलंच नाही' हे कसं सिद्ध होतं?

डोंगरवाट:
परवा पुन्हा तोच मेसेज आला, राखीगढीच्या डीएनएनं आर्य स्थलांतराची थिअरी कायमची गाडली म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये जो पेपर आला त्यात हरियाणातल्या राखीगढी या हडप्पा (सिंधू) संस्कृतीच्या शहराच्या दफनभूमीतली एक बाई आहे, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची. साठाहून जास्त नमुने तपासले तेव्हा एकातून कामापुरता डीएनए मिळाला, तोही कवटीत आतल्या कानाभोवती जे टणक हाड असतं त्यातून, कारण आपल्याकडच्या उकाड्यात बाकीच्या हाडांत फारसं काही शिल्लक राहतच नाही. त्या बाईत स्टेपच्या, म्हणजे मध्य आशियाच्या उत्तरेकडच्या गवताळ पट्ट्यातल्या पशुपालकांचा अंश नाही, मान्य. पण आज उत्तर भारतातल्या बहुतेक लोकांत तो आहे. मग तो तिच्या काळानंतरच आला ना? त्याच सुमारास 'सायन्स' या नियतकालिकात ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएचा पेपर आला आणि त्यात स्टेपचे लोक इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान इकडे पोचले असं स्पष्ट मांडलंय. दोन्ही पेपरांचे बरेच लेखक तेच आहेत!

कृष्णाकाठ:
डीएनए ठीक आहे हो, पण जमिनीत काय सापडलं ते बघाल की नाही? पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरनी मोहेंजोदडो या हडप्पा शहराच्या गल्ल्यांत पडलेले सांगाडे बघून आर्यांनी कत्तल केली म्हणून सांगितलं आणि पुढे दुसरे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्सनी १९६४ मध्ये दाखवून दिलं की ते सांगाडे एका काळाचे पण नाहीत आणि हल्ल्याचा काही मागमूस नाही. हडप्पाची शहरं ओस पडायला लागली ती इ.स.पू. १९०० च्या आसपास, पाऊस कमी झाला, लोक पूर्वेकडे खेड्यांत सरकले. मोठ्या संख्येनं माणसं आली असतील तर त्यांची खापरं कुठायत, घरं कुठायत? आणि राखीगढीच्या पेपरातली दुसरी गोष्ट तुम्ही सोडूनच दिलीत. त्या बाईतला इराणशी नातं सांगणारा अंश तिकडच्या शेतकऱ्यांपासून शेती सुरू व्हायच्या आधीच वेगळा झालेला होता, म्हणजे इराणचे शेतकरी मोठ्या संख्येनं येऊन इथे शेती शिकवून गेले हे जे आपण शाळेपासून ऐकतो त्याला धक्का बसतो. ही खरी मोठी बातमी होती. आणि उत्तर प्रदेशातलं सिनौली? २०१८ ला रथ निघाले तिथे, मग रथ बाहेरून आलेल्यांनीच आणले हे कशावरून?

चिंचपान:
सिनौलीच्या गाडीची चाकं भरीव आहेत, आऱ्यांची नाहीत, आणि घोड्याचं एक हाडही तिथे मिळालेलं नाही. त्यावर एवढा डोलारा उभा करू नका.

डोंगरवाट:
@कृष्णाकाठ, व्हीलरची कत्तल आता कोण मानतं? मी हल्ल्याबद्दल बोलतच नाहीये. गुरं घेऊन चार पिढ्या हळूहळू सरकत आलेले लोक जळालेल्या शहरांचा थर कशाला मागे ठेवतील, तंबूत राहणाऱ्यांची घरं उत्खननात मिळणार तरी कशी? बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय क्रोमोसोमचा आर१ए प्रकार बघा, उत्तरेत भरपूर आणि त्याची इकडची मुख्य शाखा स्टेपच्या कांस्ययुगीन सांगाड्यांत मिळते. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मात्र बहुतांश इथलाच जुना. आलेल्यांत पुरुष जास्त होते हे यावरून दिसतंच.

कृष्णाकाठ:
मग उत्तर पाकिस्तानातल्या स्वातच्या खोऱ्याचं काय? तुमच्याच सायन्सच्या पेपरात तिथल्या लोहयुगीन कबरींत स्टेपचा अंश आहे पण वायमध्ये तो फार थोडा, म्हणजे तिकडे तो जास्त करून बायकांकडून आला. एका खोऱ्यात एक, दुसरीकडे भलतंच, आणि तुम्ही अख्ख्या देशाला एकच गोष्ट लावताय.

निरंजना:
तुम्ही दोघं उत्तरेतच अडकलात. आपल्या इनामगावला या कधीतरी, घोड नदीकाठी, शिरूर तालुका. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं तिथे खोदलं. मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवून त्यात पुरलेलं, तेही राहत्या घराच्या जमिनीखाली, आणि मोठ्या माणसांची पावलं घोट्याच्या वर तोडून मग पुरलेली. ही पद्धत स्टेपची नाही आणि हडप्पाचीही नाही, पण काळ तोच, इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातला, ज्यावर तुम्ही भांडताय. २०१३ च्या अभ्यासात आजच्या लोकांच्या जनुकांवरून असं निघालं की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी देशभर मिश्रण चालू होतं, आदिवासी ते ब्राह्मण, आणि मग जातीबाहेरची लग्नं जवळजवळ बंद झाली. त्या काळात दख्खनमध्ये कोण कोणात मिसळलं हे स्वात आणि राखीगढीवरून ठरवायला मी तयार नाही.

डोंगरवाट:
ताई, इनामगावचा मुद्दा एकदम मान्य. पण स्टेपचा अंश इकडे महाराष्ट्रातही आहे, उत्तरेपेक्षा कमी असेल, तो आकाशातून पडला नाही. कधी आला एवढाच प्रश्न उरतो, आला की नाही हा नाही.

कृष्णाकाठ:
कधी आणि किती, दोन्ही. जोर्वे काळातल्या, म्हणजे इनामगावच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या काळातल्या, एका तरी सांगाड्याच्या कानाच्या हाडातून नीट डीएनए काढून दाखवा, तोवर तुमची तारीख मी दख्खनला लावणार नाही.