शब्दचर्चा : 'न्यूफंग'ला गोठा म्हणावे का?

प्रश्न : चीनच्या सांस्कृतिक क्रांतीवरचा (माओची १९६६-७६ मधली राजकीय मोहीम) एक लेख मराठीत आणते आहे. त्यात प्राध्यापकांना 'न्यूफंग'मध्ये डांबल्याचे येते. कोशात अर्थ सरळ आहे, गुरांचा गोठा. पण 'प्राध्यापकांना गोठ्यात ठेवले' असे लिहिले की डोळ्यांपुढे शेण आणि कडबा येतो. काय करावे?

प्रतिसाद १ : कडबा विसरा, इथे गुरांचा संबंधच नाही. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या 'पीपल्स डेली' या दैनिकाच्या १ जून १९६६ च्या अग्रलेखाचे शीर्षकच होते, सगळी 'बैल-भुते आणि सर्प-देव' झाडून टाका. मूळ शब्दप्रयोग जुन्या थांग राजवटीच्या काळातला. कवी तू मू याने ली हच्या कवितेतल्या अद्भुत कल्पनांचे कौतुक करताना तो वापरला होता! माओच्या काळात त्याची शिवी झाली. शिक्षक, लेखक, जुने जमीनदार सगळे 'बैल-भुते' ठरले, आणि बैल-भुते जिथे कोंडायची ती जागा म्हणजे गोठा. प्रत्यक्षात ती बहुधा शाळेतली खोली किंवा कचेरीतले कोठार असे.

प्रतिसाद २ : मग 'कोंडवाडा' म्हणा की. कोंडणे त्यात आलेच.

प्रतिसाद १ : मोह मलाही झाला होता. पण कोंडवाडा ग्रामपंचायतीचा, मोकाट गुरांसाठी. मालक दंड भरतो, जनावर सोडवून नेतो. तिथे निदान नियम असतो. न्यूफंगला ना खटला, ना मुदत. पहारेकरी बहुतेकदा आपलेच विद्यार्थी नाहीतर सहकारी.

प्रतिसाद ३ : पीकिंग विद्यापीठाचे संस्कृतपंडित जी शियानलिन या गोठ्यात होते. तो त्यांच्याकडूनच बांधून घेतला होता. सुटकेनंतरही लगेच वर्ग मिळाले नाहीत, दारावर पहारा करायला बसवले. त्या काळात, १९७३ पासून, त्यांनी वाल्मीकिरामायणाचे चिनी भाषांतर गुपचूप सुरू केले. १९९८ मध्ये आठवणी छापल्या, तेव्हा शीर्षकात हाच शब्द ठेवला. भारताने २००८ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. त्यांनी जो शब्द सौम्य केला नाही, तो आपण का करायचा? माझे मत 'गोठा'च, पण अवतरणचिन्हात, आणि पहिल्यांदा येईल तिथे बैल-भुतांची एक ओळ घालून.

प्रश्नकर्ती : पटले. आता पुढचा खड्डा. त्याच लेखात 'टोपी घातली' आणि 'टोपी काढली' आहे.

प्रतिसाद १ : हाहा, सांभाळा! मराठीत टोपी घातली म्हणजे फसवले. चिनीत टोपी म्हणजे माणसावर मारलेला शिक्का : 'उजवा', 'प्रतिक्रांतिकारक'. जाहीर सभेत खरोखर कागदाची उंच टोपीही चढवत, त्यामुळे शब्द दोन्ही अर्थांनी चालला. 'शिक्का मारला', 'शिक्का पुसला' लिहा.

प्रतिसाद २ : पण कागदी टोपीचा प्रसंग असेल तिथे टोपीच ठेवा.