'सस्टेनेबल' शहर म्हणजे काय? टिकाऊ, शाश्वत की अजून काही?

एका अहवालाचं भाषांतर करतेय, दर दोन ओळींनी 'शाश्वत वाहतूक', 'शाश्वत नगररचना' येतंय आणि दरवेळी दाताखाली खडा आल्यासारखं होतंय. शाश्वत म्हणजे कधीच न संपणारं ना? आत्मा असेल शाश्वत, बसमार्ग कसा असेल? तुम्ही काय लिहिता?

—

शाश्वतच ठेवा, रुळलाय आता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण आणि विकासावरच्या ब्रुंटलँड आयोगाची १९८७ ची व्याख्या बघा, आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या भागवता आल्या पाहिजेत, म्हणजे मुद्दा कायम टिकण्याचा नाहीच, पुरवून वापरण्याचा आहे. घरी 'पुरवून खा' म्हणतो ना, तेच. पण 'पुरवून वापरायचं शहर' असं कोण छापणार 😀

—

टिकाऊ काय वाईट आहे? टाकाऊतून टिकाऊ सगळ्यांना कळतं.

—

टिकाऊ रस्ता म्हणजे खड्डे न पडणारा रस्ता. आठ पदरी करून गाड्यांनी भरला तरी टिकाऊच की तो.

—

गंमत बघा, बोलताना शाश्वत कुणी म्हणत नाही पण शाश्वती रोज म्हणतो, आणि तीही बहुतेक नसतेच, 'येईल याची शाश्वती नाही'. लोक गाडी का घेतात, तर बसची शाश्वती नाही म्हणून. दर पाच मिनिटांनी बस असली की वेळापत्रक बघायचं सुटतं, थांब्यावर जाऊन उभं राहायचं बस. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ पासून बसला स्वतंत्र मार्गिका दिली ती यासाठीच, बाकीच्या गाड्या कोंडीत अडकल्या तरी बस निघून जाते. माझ्यापुरती शाश्वत वाहतूक हीच.

—

सुंदर, पण मग धूर, झाडं वगैरे राहूनच गेलं की त्यात! अहवालात शाश्वतच ठेवते. आता 'वॉकेबल'ला काय? 'पादचारीस्नेही' लिहवत नाही.

—

'चालतं शहर' मात्र नको, 'चालतंय की' वाटतं. चालण्याजोगं बरं. पायपीट शब्दात तर आधीच पाय दुखतात.

—

डच लोकांचा 'वोनर्फ' शब्द बघा, वस्तीतला असा रस्ता जिथे माणसं, पोरं अख्ख्या रस्त्यावर वावरू शकतात आणि गाडीने माणसाच्या चालीनेच जायचं. १९७६ मध्ये तिकडच्या कायद्यातही आला. फोड केली तर राहण्याचं अंगण. मी 'अंगणरस्ता' करेन.

—

अंगणरस्ता घेतला! आता 'लास्ट माइल' राहिलंय, म्हणजे थांब्यापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा, शेवटचा मैल लिहिलं तर अंत्ययात्रा वाटतेय, कुणीतरी सुचवा.