‘शोषण’, ‘जिरणे’ की ‘मुरणे’? त्वचेच्या वर्णपटातले शब्द

प्रश्न (आर्णी तालुका, यवतमाळ)
बचतगटाच्या जवसतेल-मेणाच्या मलमाची अवरक्त प्रकाशाने चाचणी झाली. अहवालात आहे: ‘मलम लावल्यावर १७४५ ला ॲब्सॉर्बन्स वाढला.’ गटातल्या बायांनी अर्थ लावला, ‘कातडीनं मलम शोषून घेतलं’, आणि तेच डबीवर छापायचं म्हणतात. ‘शोषण’ शब्द बरोबर आहे का?

उत्तर
ताई, सध्या छापू नका. इथे शोषण प्रकाशाचं झालंय, मलमाचं नाही.

१७४५ हा तरंगांक आहे, म्हणजे एका सेंटीमीटरात मावणाऱ्या लाटांची संख्या. त्या तरंगांकाचा प्रकाश तेलातला कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध गिळतो. या पद्धतीत हिऱ्याचा स्फटिक कातडीला टेकवतात आणि प्रकाश तिथून जेमतेम १ मायक्रोमीटर आत पोचतो. हाताच्या आतल्या बाजूला नुसता शृंगस्तर, म्हणजे कातडीचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर, १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणून १७४५ चं शिखर, म्हणजे वर्णपटात (कोणत्या तरंगांकाचा किती प्रकाश गिळला गेला त्या आलेखात) दिसणारा उंचवटा, वाढलं याचा अर्थ एवढाच की तेल अजून वरच बसलं आहे. अहवालात प्रत्येक ठिकाणी ‘प्रकाशशोषण’ असा जोडशब्द ठेवा, घोळ होणार नाही.

उत्तर
तेलासाठी आपल्याकडे ‘जिरणे’ आहेच. बाळाच्या टाळूवर आपण तेल जिरवतो, पाणी जमिनीत जिरवतो. ‘मुरणे’ वेगळं: लोणचं मुरतं तेव्हा फोडच बदलते, त्याला दिवस लागतात. तेल जिरलं हे आपण बोटानं ठरवतो, चिकट लागत नाही म्हणून. पण बोटाला कोरडं लागणारं बरंचसं तेल शृंगस्तराच्या वरच्या भागातच असतं. मुरलं का, ते बोटाला कळत नाही. खोली मोजायची तर एकाच जागेवर चिकटपट्टी लावून एकेक थर उचलायचा आणि दरवेळी वर्णपट घ्यायचा, नाहीतर कन्फोकल रामन, म्हणजे ठरावीक खोलीवर लेझर रोखून तिथून विखुरलेला प्रकाश मोजायची पद्धत, वापरायचं.

उत्तर (मोजणीबद्दल)
भाऊंनी सांगितलेला ‘जिरणे’-‘मुरणे’ हा फरक पटला. पण उलटी चूकही होते: काही तासांनी शिखर खाली आलं की लोक ‘मुरलं’ लिहून टाकतात. ते बाहीला पुसलं गेलेलंही असू शकतं. आणि जवसाची एक खास खोड आहे. त्याच्या असंतृप्त बंधांचं (कार्बन-कार्बनमधल्या दुहेरी बंधांचं) शिखर ३०१० जवळ ठसठशीत दिसतं. हवेनं तेल ऑक्सिडीकृत होऊ लागलं, म्हणजे खवट व्हायला लागलं, की ते शिखर खाली बसतं. १७४५ जागेवर आणि ३०१० एकटंच खाली, तर तेल आत गेलेलं नाही, बिघडतंय. दोन्ही सोबत खाली आली तर ते पुसलं गेलंय किंवा खाली सरकलंय. कपड्यापासून जागा झाकून ठेवली असेल तरच दुसरं म्हणा.

मोजताना:
– आदल्या १२ तासांत त्या जागेवर काही लावू नये. हळद तर नकोच. रामनमध्ये तिचं प्रतिदीपन, म्हणजे प्रकाश पडल्यावर तिचं स्वतःचं चमकणं, सगळी शिखरं बुडवतं.
– २० ते २२ अंशांच्या खोलीत २० ते ३० मिनिटं बसवा. मे महिन्यात उन्हातून आलेल्या माणसाचा घाम १६४० ला दिसतो आणि प्रथिनाच्या १६५० च्या शिखरावर चढतो. म्हणून तुलनेला प्रथिनाचं १५५० चं शिखर घ्या.
– मात्रा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम. ४ × ४ सेंटीमीटरला ३२ मिलिग्रॅम. तराजूवर तोला, बोटानं अंदाज नको.
– लावण्याआधीचा वर्णपट घ्यायलाच हवा, अंगच्या तेलाचंही शिखर १७४० च्या आसपास असतं.

उललेल्या टाचेवर मात्र हे करू नका. तिथला थर शेकडो मायक्रोमीटरांचा, आणि भेगेत हवा राहते, स्फटिक नीट टेकत नाही. आकडा कमी येतो आणि मलमाचा दोष समजला जातो.

उत्तर
रामनचा विषय निघालाच आहे तर अनुवादात एक जपा. रामन परिणाम (२८ फेब्रुवारी १९२८) हा प्रकाशाच्या विकिरणाचा आहे. मराठी पाठ्यपुस्तकात ‘विकिरण’ म्हणजे प्रकाश विखुरणं. हिंदीत तोच शब्द ‘रेडिएशन’साठी आहे, त्याला आपण ‘प्रारण’ म्हणतो. नागपूरकडे हिंदी वाचणारे पुष्कळ; ‘कातडीवर विकिरण केले’ वाचून माणसं एक्स-रे समजून घाबरतात. ‘प्रकाश टाकून परत विखुरलेला प्रकाश मोजला’ असं लिहावं.

प्रश्नकर्ती
मग डबीवर ‘लवकर जिरते’ चालेल?

उत्तर
लावून पाहिलं आणि १० मिनिटांनी बोट कोरडं लागलं, तर चालेल. ‘आत मुरते’ लिहायला चिकटपट्टीवाली मोजणी लागेल, ती अजून झालेली नाही.