जॉन वेनचे तासाभराचे स्वस्त वेस्टर्न: टाकाऊ की तालीम?

रानवाट:
१९३० चा ‘द बिग ट्रेल’ हा चित्रपट आपटला आणि हॉलिवूडचा नट जॉन वेन थेट स्वस्तातल्या चित्रपटांत जाऊन पडला. १९३३ ते ३५ या काळात त्याने लोन स्टार या चित्रपट कंपनीसाठी असे १६ वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, केले. ‘त्यात बघण्यासारखं काय?’ असं लोक विचारतात, ते मला पटत नाही. पाठलागाचा प्रसंग नुसता ऐका. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, फक्त टापा आणि गोळ्या. आणि मारामारी! आधी ठोसे खांद्यावर, दंडावर बसायचे. इथे दिग्दर्शक ब्रॅडबरी, वेन आणि स्टंटमन याकिमा कनट यांनी कॅमेरा असा लावला की मूठ गालाजवळून नुसती निघून जाते आणि बघणाऱ्याला ठोसा बसलाच असं वाटतं. आजही पडद्यावर हेच चालतं.

जुनी रीळ:
एका युक्तीसाठी १६ चित्रपट सोसायचे? खलनायकाला जमीन नाहीतर पाणी बळकवायचं असतं, नायक अनोळखी म्हणून गावात येतो, शेवटी लग्न. ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’त वेन गात गात गोळीबाराला निघतो, तेही उसन्या आवाजात. बघवत नाही.

रानवाट:
गाण्याचं मान्य. पण हिशेब बघा. मंदीत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. त्यातल्या दुय्यम चित्रपटाला, म्हणजे असल्या वेस्टर्नना, ठरीव भाडं मिळायचं, गर्दी कितीही होवो. जास्त खर्च केला तर तो वसूल कुठून होणार? त्या तंगीतच ही माणसं घडली. १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये धावत्या घोड्यांमधून खाली पडून गाडी अंगावरून जाऊ देणारा कनटच आहे.

माळरान:
तुम्ही दोघंही घोड्यांना विसरलात. पुढच्या पायांना तार बांधायची, तिचं दुसरं टोक जमिनीत पक्कं करायचं. भरधाव घोडा तार संपली की तोंडावर आपटतो. कित्येकांचे पाय मोडले, कित्येक मेले. कनटसुद्धा ही तार वापरायचा. त्याचं कौतुक करताना हेही लिहा.

रानवाट:
लिहायलाच हवं होतं, चुकलं. पण हा दोष स्वस्त चित्रपटांपुरता नाही. १९३६ चा ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ वॉर्नर ब्रदर्सचा, पैशाला तोटा नव्हता. तिथेही तारा लावून घोडे पाडले, मारले.

माळरान:
म्हणून यांचं माफ होत नाही. घोडा पडला की मी चित्रपट थांबवून मागे नेते आणि तो उठताना दिसतो का ते बघते. बऱ्याचदा त्याआधीच दृश्य कापलेलं असतं.