'कॉम्प्युटर सायन्स' हे नाव या विषयाला शोभतं का?

दादरची_शिक्षिका
मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी सीएसला आलेल्या एफवायच्या मुलांना विषयाची ओळख करून द्यायची आहे. गणन म्हणजे काय हे मांडणारा अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाचा मूळ निबंध १९३६चा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगणक येण्याआधीचा. मग नावात यंत्र कशाला? आणि सिद्धता गणिताच्या, बांधणी इंजिनिअरिंगची, तर 'सायन्स' नेमकं कुठे?

गणनवेडा
'कॉम्प्युटर' तोकडंच आहे, ताई. पीटर नाउर यांनी १९६६मध्ये 'डेटालॉजी' सुचवलं होतं, आणि कोपनहेगन विद्यापीठाच्या विभागाने ते घेतलंही. पण पर्ड्यू विद्यापीठात १९६२ साली स्वतंत्र विभाग निघाला तो 'कॉम्प्युटर सायन्स' म्हणूनच, आणि जगभर तेच रुळलं.

यंत्राशिवाय उभा राहणारा भाग फळ्यावरच दाखवा. १० लाख नावांची यादी, दर वेळी मधलं नाव बघून निम्मी बाद करायची: जास्तीत जास्त २० तुलना. कागदावर करा नाहीतर मशीनवर, आकडा हाच. यादी मात्र क्रमाने लावलेली हवी. मुलं हीच अट विसरतात. प्रोग्रॅम कोसळत नाही, असलेलं नावही 'सापडलं नाही' म्हणून मोकळा होतो, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही.

कॅशेमिस
वरचं पटतं, पण त्यात सायन्स दिसत नाही. ते दिसतं मोजमापात. सी भाषेत ४०९६ × ४०९६ चा इंट अ‍ॅरे, म्हणजे ४ बाइटच्या पूर्णांकांचा तक्ता घ्या (६४ एमबी), बेरीज एकदा आडवी करा, एकदा उभी. बेरजा तेवढ्याच, उत्तर तेच, तरी उभ्या बेरजेला कितीतरी जास्त वेळ लागतो. कॅशेत, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या पण वेगवान मेमरीत, एका वेळी सहसा ६४ बाइट, म्हणजे १६ इंट येतात. आडवं जाताना सोळाही वापरले जातात. उभं जाताना एक वापरून पुढच्या ओळीत उडी.

आता इथे तर्क लढवायला लावा. ओळ १६,३८४ बाइटची, दोनच्या घातातली, म्हणून उभ्या उड्या कॅशेच्या त्याच त्या मोजक्या जागांसाठी भांडत असाव्यात. तसं असेल तर ओळ ४११२ इंटची केल्यावर, डेटा वाढूनही, वेळ घटायला हवा. आधी भाकीत वहीत लिहायचं, मगच प्रोग्रॅम चालवायचा. याला सायन्स नाही तर काय म्हणायचं?

टीवाय_ठाणे
मी करून पाहिलं, दोन्ही बेरजांना लागणारा वेळ जवळपास शून्य येतो.

कॅशेमिस
बेरीज छापली नसणार. निकाल कुठे वापरलाच नाही, तर ऑप्टिमायझर (कंपायलरचा प्रोग्रॅम वेगवान करणारा भाग) अख्खा लूप उडवतो. बेरीज छापा आणि ऑप्टिमायझेशन पहिल्या पातळीवर ठेवा; तिसऱ्या पातळीवर जीसीसी हा सीचा कंपायलर आडव्या-उभ्या लूपची अदलाबदल करू शकतो, मग फरकच दिसत नाही. अ‍ॅरे ग्लोबल, म्हणजे फंक्शनच्या बाहेर घ्या, कारण लिनक्सवर स्टॅक (फंक्शनच्या आतल्या डेटाची जागा) सहसा ८ एमबीचा असतो आणि फंक्शनच्या आत ६४ एमबी मागितले की सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्रॅम कोसळतो. घड्याळ लावायच्या आधी अ‍ॅरे एकदा पूर्ण भरून घ्या, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टिमकडून मेमरीची पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) पहिल्यांदा मिळवण्याचा वेळही त्यात मोजला जाईल.