पहिला भारतीय चित्रपट : 'पुंडलिक' की 'राजा हरिश्चंद्र'?

रीळवेडा
दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी लागला, म्हणजे जवळजवळ वर्षभराने. तरीही पहिलेपणाचा मान सरसकट फाळक्यांना दिला जातो, आणि हे मला चुकीचं वाटतं.

तोरण्यांच्या विरोधात तीन कारणं सांगतात. 'पुंडलिक' हे रामराव कीर्तिकरांच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा चालवणारा जॉन्सन इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. यातली शेवटची दोन कारणं तर टिकतच नाहीत. बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या'चे (१९३६) दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार विर्शिंग दोघेही जर्मन. सोहराब मोदींच्या 'झाँसी की रानी'चा (१९५३) छायाचित्रकार अमेरिकन. हे चित्रपट भारतीय नाहीत, असं कुणी म्हणतं का? मग हा नियम एकट्या तोरण्यांनाच का?

दातेरी चाक
कारण १९३६ साली इथे स्टुडिओ होते, प्रयोगशाळा होत्या, शिकलेले कारागीर होते. १९१२ साली यातलं काहीच नव्हतं, आणि ते उभं कुणी केलं हाच तर प्रश्न आहे.

फाळके १९१२ च्या सुरुवातीला लंडनला गेले, सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा आणि भोकं पाडायचं यंत्र मागवलं. हे यंत्र कशाला? कोडॅकची कोरी फिल्म तेव्हा कडेला भोकं नसलेलीच यायची. एका चौकटीच्या (फ्रेमच्या) दोन्ही कडांना चार-चार भोकं लागतात, दोन भोकांमधलं अंतर सुमारे ४.७५ मिलिमीटर. ते जरा कमीजास्त झालं की पडद्यावर चित्र वरखाली उडतं; जास्त चुकलं तर प्रोजेक्टरचे दाते फिल्म फाडतात. हे काम अंधारात, हाताने चालायचं आणि ते फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्यातही त्यांचा हात होता. त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी असल्यामुळे अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चालायचा. पण त्याच कारणाने लाल शालू आणि कुंकू पडद्यावर काळं दिसायचं. वेशभूषा करतानाच हे ध्यानात ठेवावं लागे.

आधी कुंडीतला वाटाणा उगवताना टप्प्याटप्प्याने टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला, तो दाखवून भांडवल उभं केलं, मग 'हरिश्चंद्र'. पटकथा, चित्रण, भोकं पाडणं, धुणं, छापणं, जोडणं, जवळजवळ सगळं दादरच्या एका घरात. 'पहिला' म्हणताना मी हे सगळं मोजतो.

रीळवेडा
तुम्ही सांगताय तो पहिला कारखाना. प्रेक्षकाला कारखाना दिसत नाही, पडदा दिसतो. कोरोनेशनमध्ये तिकीट काढून बसलेल्या माणसाने आपल्या संताची गोष्ट, आपल्या नटांकडून, पडद्यावर आधी पाहिली ती १९१२ मध्येच.

सोळा चौकटी
लांबीबद्दल कायम गोंधळ होतो, म्हणून हिशेब मांडतो. 'हरिश्चंद्र' ३७०० फूट, चार रिळं. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात एका फेऱ्याला आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला एक फूट. ३७०० फूट म्हणजे ३७०० सेकंद, जवळपास ६२ मिनिटं. मग सगळीकडे '४० मिनिटं' का छापतात? बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगाने तीच फिल्म ४१ मिनिटांत संपते, म्हणून. मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात ती याच चुकीमुळे. त्या काळी वेग कॅमेरावाल्याच्या हातावर होता, कमीजास्त व्हायचाच, पण २४ नक्कीच नव्हता.

'पुंडलिक'ची २२ मिनिटंही अशीच तपासायला हवीत. सोळाच्या वेगाने धरली तर १३२० फूट, चोवीसच्या वेगाने १९८०. कुठलीही लांबी धरली तरी तो 'हरिश्चंद्र'च्या फार तर निम्म्याहून थोडा मोठा.

दातेरी चाक
म्हणजे माझाच मुद्दा पक्का झाला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट ४० मिनिटांच्या वरच्या चित्रपटालाच पूर्ण लांबीचा मानते.

रीळवेडा
ही व्याख्या नंतरची आणि परदेशी. १९१२ साली जगभर बहुतेक चित्रपट एक-दोन रिळांचेच असत.

गिरगावातला
नाटकाचं चित्रण म्हणून 'पुंडलिक'ला बाद करणारे 'हरिश्चंद्र' नीट पाहतात का? त्यातही कॅमेरा बहुतेक वेळ समोर रोवलेला, माणसं रविवर्म्याच्या चित्रांसारखी उभी, तारामतीच्या भूमिकेत साळुंके हे पुरुष नट. रंगभूमीची पकड दोघांवरही होती. मला हा दोष वाटत नाही. आपल्या प्रेक्षकाने सिनेमा लगेच आपला मानला तो याच ओळखीमुळे. 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम पडद्यावर आला की लोक हात जोडत, ते उगाच नव्हे.

पण तुलना करताना जपून. 'पुंडलिक'ची एक फूटही फिल्म उरलेली नाही. 'हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, सुमारे १४७५ फूट. आणि तीही १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. ते खरं असेल तर १९१३ च्या चित्रपटाबद्दल आपण जे ठामपणे बोलतो, त्यातलं बरंचसं चार वर्षांनंतरच्या कामावर बेतलेलं आहे. मूकपटांची फिल्म नायट्रेटची. ती ओलसर हवेत चिकटते, भुगा होते, आणि पेटली तर पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो.

सोळा चौकटी
सावेदादा भाटवडेकरांनाही विसरू नका. त्यांनी १८९९ मध्येच मुंबईत कुस्ती चित्रित केली. तिथे कथा नाही, एवढंच.

रीळवेडा
गिरगावातल्यांचं मला पटलं, म्हणून माझी मागणी बदलतो. फाळक्यांना 'पहिला पूर्ण लांबीचा, इथेच घडवलेला चित्रपट' म्हणा. माझी हरकत नाही. पण त्याच पानावर 'पहिला प्रदर्शित कथाचित्र : पुंडलिक, १९१२' ही ओळ हवी. तोरणे एवढ्यावर थांबले नाहीत. 'आलम आरा'साठी (१९३१) ध्वनिमुद्रणाचं यंत्र त्यांच्याच कंपनीने पुरवलं. बोलपटाच्या जन्मातही ज्याचा हात आहे, त्याचं नाव पाठ्यपुस्तकात नसावं?

दातेरी चाक
नाव असावंच. 'आलम आरा'च्या धड्यात तर ठळक असावं. पण 'पहिला' हा शब्द मी फाळक्यांकडेच ठेवीन. 'पुंडलिक'ची फिल्म लंडनला गेली आणि ते कसब तिथेच राहिलं. फाळक्यांनी ते इथल्या माणसांच्या हातात दिलं, आणि १९१३ सालीच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पुरुष नटांऐवजी दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या स्त्रिया कॅमेऱ्यासमोर आल्या.